अंगावर पुरळ नाही, तरी अम्माची खाज थांबत नाही (सोलापूर)

ताणाबाणा | १९ ऑगस्ट २०१२, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. आजवर नुसता वाचक होतो, आज लिहायची वेळ आली.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, घरचे टेरी टॉवेलचे सहा माग आहेत. आई ५८ वर्षांची, घरी आम्ही तिला अम्मा म्हणतो. ९ मार्चला तिची गर्भपिशवी काढली. त्याच रात्री अंगावरून खूप गेलं, बीपी एकदम खाली आलं, पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं. तीन दिवस आयसीयू. त्या डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला, हे आधी सांगतो.

घरी आली, टाके सुकले, चालायला-फिरायला लागली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाठीला खाज सुरू झाली. उन्हाळा, पारा ४२-४३ वर, सगळे म्हणाले घामोळं असेल. पण घामोळ्याचे दाणे दिसतात, इथे कातडी स्वच्छ. मग खाज पोटावर, मांड्यांवर, जांघेत उतरली. आता चार महिने झाले.

ती सतत नसते, झटका येतो. आंघोळ करून टॉवेल पाठीवरून फिरवला की मिनिटभराने अम्मा "आली" म्हणते आणि भिंतीला पाठ लावून उभी राहते. पंधरा-वीस मिनिटं नुसती तडफड. परवा तर तिने मागावरून उतरलेला, अजून न धुतलेला कडक टॉवेल घेतला आणि त्याच्या काठाने मांडी खरवडून काढली. रक्त आलं तरी तिला कळलं नाही. रात्री बाबांच्या जुन्या धोतराचे तुकडे दोन्ही हातांना गुंडाळून झोपते.

दोन कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्यांनी झोप येते, खाज जात नाही. दुसऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मोठ्या ऑपरेशननंतर बायकांच्या मनावर परिणाम होतो." अम्माने ते ऐकलं. तेव्हापासून ती खाजेबद्दल बोलतच नाही, माडीवर जाऊन एकटी खाजवते. मला त्याचंच जास्त वाईट वाटतंय. कुणाला असं काही झालंय का?

---

अनघा_होटगीरोड | २० ऑगस्ट २०१२

दादा, वाचून पोटात कालवलं. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ घालून बघा, नंतर खोबरेल तेल. बोअरचं खारं पाणी वापरता का? आमच्याकडे त्याने सगळ्यांची कातडी ओढल्यासारखी व्हायची.

---

मोहोळकर | २० ऑगस्ट २०१२

खरूज नाही ना, ते आधी बघा. रात्री वाढणारी खाज म्हणजे बहुतेक वेळा तीच. घरात आणखी कुणाला आहे का?

---

ताणाबाणा | २० ऑगस्ट २०१२

अनघाताई, कडुनिंब झाला, तेलही झालं. गरम पाण्याने उलट खाज उसळते, म्हणून ती आता गार पाण्याने करते. आंघोळीला नळाचंच पाणी असतं.

मोहोळकर, पहिल्या डॉक्टरांनी खरजेचं मलम दिलं होतं. घरातल्या आठही जणांनी मानेपासून पायापर्यंत लावलं, अंथरुणं-पांघरुणं उकळत्या पाण्यात धुतली. दुसऱ्या कुणाला खाज नव्हतीच आणि अम्माची गेली नाही. साखर, थायरॉइड, लिव्हर, किडनी, रक्तातलं लोह, सगळ्या तपासण्या केल्या. लोह थोडं कमी होतं, ते गोळ्यांनी भरून आलं.

---

पांढरी_टोपी | २१ ऑगस्ट २०१२

मी निवृत्त परिचारिका, ३१ वर्षं सर्जरी वॉर्डात काढली. तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला खटकली: खाज ऑपरेशननंतर महिन्याभराने सुरू झाली, ऑपरेशनच्या वेळी नाही. म्हणून विचारते, त्या तीन दिवसांत आईंना कुठली सलाईन लावली होती?

आपण सगळ्याच बाटल्यांना सलाईन म्हणतो. पण त्यात मिठाचं पाणी असतं, आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट, क्षारांचं पाणी असतं, साखरेचं असतं आणि बीपी फार खाली गेलं की लावतात ती महागडी, दाट बाटलीही असते. डिस्चार्ज कार्डावर यातलं काही सापडणार नाही, तिथे 'आयव्ही फ्लुइड्स' एवढंच लिहितात. मेडिकलचं बिल शोधा. आयसीयूच्या तीन दिवसांचं, ओळन् ओळ वाचा आणि नाव इथे लिहा.

---

ताणाबाणा | २२ ऑगस्ट २०१२

सिस्टर, बिलं मेडिक्लेमच्या फाईलला लावली होती, झेरॉक्स सापडली. पहिल्या दिवशी 'हेटास्टार्च ६ टक्के, ५०० मिली' तीन नग. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी दोन. बाकी आरएल, एनएस (मिठाचं पाणी), रक्ताच्या चार पिशव्या आणि अँटिबायोटिक.

फाईलमध्ये आणखी एक कागद निघाला. तिसऱ्या दिवशी अमायलेज नावाची तपासणी जास्त आली होती. स्वादुपिंडाला सूज आहे का म्हणून सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली. तेव्हा आम्ही फार घाबरलो होतो. याचा काही संबंध?

---

भूलवाला | २२ ऑगस्ट २०१२, रात्री १०.१५

संबंध आहे. मी पुण्यात भूलतज्ज्ञ आहे, माहेर अक्कलकोटचं, म्हणजे तुमच्याच शेजारचं. सिस्टरांना नमस्कार, त्यांनी नेमका प्रश्न विचारला.

आधी हे सांगते की इथे बसून मी निदान करू शकत नाही. पुरळ नसलेली खाज किडनी, लिव्हर, थायरॉइड, लोहाची कमतरता, काही औषधं आणि क्वचित लसिका ग्रंथींचे आजार यांतूनही येते. यातलं बरंचसं तुम्ही तपासून घेतलंय. पण आठ बाटल्या हेटास्टार्च, मग पाच आठवडे काही नाही, मग झटक्याने येणारी, घासल्यावर आणि गरम पाण्याने उसळणारी, साध्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांना न बधणारी खाज, असं सगळं एकत्र आलं की हायड्रॉक्सीएथिल स्टार्चची खाज हे नाव पुढे येतं. हेटास्टार्च हा त्याचाच एक प्रकार. भूलशास्त्राच्या आणि त्वचारोगाच्या पुस्तकांत तिची नोंद आहे. युरोपात तर अचानक ऐकू येईनासं झालं की हेच स्टार्च दिवसेंदिवस शिरेतून द्यायचे. धडधाकट माणसं कान दाखवायला जायची आणि महिन्याभराने अंग खाजवत परत यायची. यात मनाचा काही संबंध नाही. हे तुमच्या आईंना आजच सांगा.

आता हे का होतं ते सांगते. खूप रक्त गेलं की रक्तवाहिन्या रिकाम्या पडतात. मिठाचं पाणी भरलं तर त्यातलं बरंचसं थोड्याच वेळात वाहिन्यांबाहेर झिरपतं. म्हणून मोठ्या रेणूंचं द्रावण द्यायची कल्पना निघाली. मोठा रेणू बाहेर पडत नाही आणि पाणीही धरून ठेवतो. हा रेणू मक्याच्या किंवा बटाट्याच्या स्टार्चपासून बनवतात. पण साधा स्टार्च रक्तातलं अमायलेज हे एन्झाइम बघता बघता तोडून टाकतं. तो टिकावा म्हणून त्याला हायड्रॉक्सीएथिलचे गट जोडतात, मग एन्झाइमची कात्री सहज चालत नाही. तुमच्या आईंचं अमायलेज वाढलं ते यामुळेच. स्टार्चला चिकटलेलं अमायलेज लघवीवाटे लवकर बाहेर जात नाही, त्यामुळे रक्तात जास्त दिसतं. स्वादुपिंड ठणठणीत असतं.

जे रेणू तुटत नाहीत ते शरीरातल्या सफाई करणाऱ्या भक्षक पेशी गिळतात. यकृतात, प्लीहेत आणि त्वचेतही ते साठून राहतात. त्वचेतल्या बारीक नसांवर आवरण घालणाऱ्या पेशींतही ते सापडलेत आणि खाजेचं मूळ बहुतेक तिथेच आहे. अ‍ॅलर्जीच्या खाजेमागचं रसायन, हिस्टामिन, हा या खाजेचा निरोप्या नाही, म्हणून सेट्रिझिनसारख्या गोळ्यांनी नुसती गुंगी येते.

एका बाटलीत ३० ग्रॅम स्टार्च, म्हणजे आईंच्या अंगात २४० ग्रॅम गेलं. मात्रा जितकी जास्त तितका खाजेचा धोका जास्त. साठा हळूहळू रिकामा होतो, कधी वर्ष लागतं, कधी दीड-दोन. पण तो होतो.

बिलाची झेरॉक्स घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि 'हायड्रॉक्सीएथिल स्टार्च' हे शब्द स्वतः उच्चारा. खात्रीच करायची असेल तर त्वचेचा बारीक तुकडा काढून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघतात, पेशींत साठ्याच्या पोकळ्या दिसतात. प्रत्येकाला ते करावं लागतंच असं नाही, इतिहास पुरेसा बोलका असतो. उपाय म्हणून अल्ट्राव्हायोलेट किरणांचे बैठकवार उपचार आणि कॅप्सेसिनचं मलम यांनी काहींना उतार पडतो.

---

ताणाबाणा | २३ ऑगस्ट २०१२, पहाटे

डॉक्टर, रात्रभर झोप नाही. तुमची पोस्ट अम्माला वाचून दाखवली, अवघड वाक्यं तेलुगूत सांगितली. तिने एकच विचारलं, "म्हणजे मला वेड लागलेलं नाही ना?"

स्टार्च तिला समजावावं लागलं नाही. आमचा जन्म त्यातच गेला. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, तुटू नये म्हणून सुताला खळ लावतात, मक्याच्या स्टार्चची, नाहीतर चिंचोक्याच्या पावडरची. खळ बसली की सूत कडक, गुळगुळीत होतं. टॉवेल विणून झाला की ती काढावी लागते, नाहीतर रंग धरत नाही आणि पाणीही शोषत नाही. ती काढायला प्रोसेसवाले टाकीत जे एन्झाइम टाकतात, त्याच्या डब्यावरही अमायलेज लिहिलेलं असतं. मी वीस वर्षं ते नाव वाचतोय. डिसायझिंग, म्हणजे ही खळ काढणं, नीट झालं नाही तर टॉवेल हाताला खरखरीत लागतो, माल परत येतो.

अम्मा म्हणाली, "माझ्या अंगातली खळ निघाली नाही अजून." आणि एप्रिलनंतर पहिल्यांदा ती माझ्यासमोर रडली.

---

पांढरी_टोपी | २३ ऑगस्ट २०१२

बाळा, त्यांना रडू दे. आणि आता न धुतलेला टॉवेल घरात वर ठेवून दे. जुनं मऊ सुती लुगडं घ्या, अंग पुसायचं नाही, टिपायचं. नखं कापा. खाज आली की ओला गार कपडा ठेवा, खरवडलेल्या जागी पू होऊ देऊ नका.

---

जुळे_सोलापूरकर | २३ ऑगस्ट २०१२

हे वाचून राग आला. ग्राहक मंचात जा. इतकी मोठी गोष्ट आणि पेशंटला एका शब्दाने सांगत नाहीत?

---

ताणाबाणा | २४ ऑगस्ट २०१२

भाऊ, त्या रात्री तिचं बीपी हाताला लागत नव्हतं. रक्त येईपर्यंत त्यांनी हाताशी होतं ते लावलं. त्याबद्दल मी भांडणार नाही. माझं दुखणं दुसरं आहे. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ असती, 'स्टार्च दिलं आहे, पुढे खाज येऊ शकते', तर चार महिने आणि त्या माउलीची इज्जत वाचली असती.

---

वळसंग_माहेर | २६ ऑगस्ट २०१२

विषय थोडा वेगळा, पण इथेच लिहिते. बाळंतपणानंतर माझं हिमोग्लोबिन सात होतं, म्हणून लोहाचं सलाईन लावलं. सुई शिरेतून निसटली आणि ते कातडीखाली गेलं. मला ठणकत होतं, पण बाळ रडत होतं, मी कुणाला बोलवलं नाही. मनगटाच्या वर तळहाताएवढा तपकिरी डाग पडला. दोन वर्षं होत आली, थोडा फिकटलाय एवढंच. जाऊबाई विचारतात, चहा सांडला का. हा जाईल का?

---

भूलवाला | २६ ऑगस्ट २०१२

ताई, लोह कातडीखाली झिरपलं की त्याचे कण तिथल्या पेशींत अडकतात आणि गोंदणासारखा डाग राहतो. दुखत नाही, पसरत नाही, अपायही नाही, पण फार सावकाश फिकटतो, कधी कधी कायमचा राहतो. काहींना लेझरने फरक पडलाय. चोळून किंवा लिंबू लावून जाणार नाही, कातडी मात्र सोलवटेल. आणि वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते, लोहाचं सलाईन चालू असताना सुईच्या जागी ठणका लागला, सूज दिसली, की त्याच क्षणी हाक मारा. नर्स आधी थेंब बंद करेल, मग बाकीचं.

---

अनघा_होटगीरोड | २७ ऑगस्ट २०१२

आता मला भीतीच बसली. सासऱ्यांना उन्हाळ्यात दोनदा सलाईन लावलं होतं. नको म्हणायचं का यापुढे?

---

पांढरी_टोपी | २७ ऑगस्ट २०१२

नाही ग, तसं मनात आणू नकोस. साध्या सलाईनने, आरएलने ही खाज येत नाही. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाला ते पाणी नवा जन्म देतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्या सलाईनला नको म्हणायचं ते 'ताकदीचं' सलाईन. आपल्याकडे मजूर दिवसाची हजेरी बुडवून, पाचशे रुपये मोजून ते लावून घेतात. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरात २५ ग्रॅम साखर असते, पाच-सहा चमचे. तेवढी ग्लासभर सरबतात येते. शीर सुजायची, जंतू शिरायचे ते वेगळंच. तोंडाने पिता येत असेल तर पाणी तोंडानेच प्यायचं.

---

ताणाबाणा | २१ ऑक्टोबर २०१२

मधे बरेच दिवस लिहिलं नाही. नव्या त्वचारोगतज्ज्ञांनी बिलं वाचली, अर्धा तास दिला. आठवड्यातून दोनदा अल्ट्राव्हायोलेटच्या पेटीत उभं राहायचं चालू आहे. कॅप्सेसिनचं मलम पण दिलंय. ते मिरचीतलंच द्रव्य, अम्माला विश्वास बसेना. पहिले आठ दिवस जळजळ अशी की शेंगाचटणी कुटल्यावर तोच हात डोळ्याला लागावा. फुटलेल्या जागी लावायचं नाही, हात धुवायचे, हे त्यांनी बजावलं होतं. दहाव्या दिवसापासून पाठीचे झटके कमी झाले. मांड्यांचे तसेच आहेत. कालची रात्र सलग चार तास झोपली.

---

भूलवाला | २३ ऑक्टोबर २०१२

वाचून फार बरं वाटलं. या वर्षात या स्टार्चवर दोन मोठे अभ्यास आलेत, त्यांबद्दल लिहायलाच हवं.

पहिला डेन्मार्क आणि आसपासच्या देशांतला, ७९८ रुग्ण, रक्तात जंतुसंसर्ग पसरलेले. नव्वद दिवसांनी स्टार्च मिळालेल्यांपैकी ५१ टक्के दगावले होते, साधं द्रावण मिळालेल्यांपैकी ४३ टक्के. दुसरा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा, सात हजार आयसीयू रुग्णांचा, नुकताच छापून आलाय. त्यात मृत्यूंत फरक दिसला नाही, पण स्टार्चवाल्यांत डायलिसिस जास्त लागलं. दुष्परिणामही जास्त, ५.३ टक्क्यांना, साध्या सलाईनवाल्यांत २.८ टक्के. त्यांत खाज आणि पुरळ मोठ्या प्रमाणात होते. आणि हे दोन्ही अभ्यास नव्या, लहान रेणूच्या, 'सुरक्षित' म्हणून आलेल्या स्टार्चवरचे आहेत. तुमच्या आईंना दिलेलं जुनं, जास्त काळ टिकणारं होतं.

एक कबुली द्यायची आहे. मी स्वतः कितीतरी पेशंटना हे दिलंय. जर्मनीचे भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांचे लेख आम्ही पुस्तकासारखे वाचायचो, स्टार्च निर्धोक आहे असं सांगणारे. २०११ मध्ये त्यांचे ऐंशीहून जास्त लेख जर्नल्सनी मागे घेतले, संशोधनाची नैतिक परवानगीच नव्हती म्हणून. त्या दिवशी मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. माझ्या पेशंटपैकी कोण महिन्याभराने घरी खाजवत बसलं असेल आणि कुणी त्याला मानसिक म्हटलं असेल, हे मला कधीच कळणार नाही. ते माझ्याकडे परत आले नाहीत. भूल देणाऱ्याकडे खाज घेऊन कोण येतं?

---

कर्णिकनगर_एमडी | २५ ऑक्टोबर २०१२

मी फिजिशियन. मॅडमचं बरोबर आहे, पण एक बाजू राहू नये म्हणून लिहितो. तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता रक्त मिळायला तीन-तीन तास लागतात. समोर बाई पांढरी पडत असते. त्या क्षणी खाजेचा विचार कुणी करत नाही आणि करूही नये. आठ बाटल्या मात्र जास्त होत्या, हे मान्य. आणि कार्डावर लिहायला हवं होतं, हेही मान्य. मी आजपासून लिहिणार आहे.

---

भूलवाला | ३० जून २०१३

या महिन्यात युरोपच्या औषध नियंत्रकांच्या समितीने स्टार्चची विक्री थांबवावी असं सुचवलंय, ब्रिटनने बाटल्या परत मागवल्यात आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, एफडीएने, गंभीर आजारी रुग्णांना, त्यात जंतुसंसर्गाचेही आले, देऊ नये असा चौकटीतला इशारा छापायला लावलाय. कारण मुख्यतः किडनी आणि मृत्यू. खाज या सगळ्यात तळाच्या ओळीत आहे. दादा, आईंचं कसं आहे?

---

ताणाबाणा | २ जुलै २०१३

पेटीचे उपचार मार्चमध्ये थांबवले. आता झटका आठवड्यातून एखादा, तोही सौम्य. हातांना धोतराचे तुकडे गुंडाळायची वेळ गेली. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेला गेली होती, गर्दीत अंगाला अंग घासेल म्हणून भीत होती, तरी गेली. नंदीध्वज बघून आली. त्या रात्री थोडी खाज झाली, पण म्हणाली, चालतंय.

---

ताणाबाणा | ११ सप्टेंबर २०१३

ऑगस्टपासून एकही झटका नाही. सतरा महिने लागले. काल तिने स्वतः आपल्याच मागाचा नवा टॉवेल धुऊन अंग पुसलं. घट्ट घासून पुसलं आणि मिनिटभर तशीच उभी राहिली, वाट बघत. काही आलं नाही.

---

पांढरी_टोपी | ११ सप्टेंबर २०१३

सिद्धरामेश्वर पावला.

---

भूलवाला | २ जून २०२२

जुना धागा वर काढतेय. मधल्या काळात बरंच झालं. २०१३ च्या ऑक्टोबरात युरोपने सरसकट बंदीऐवजी फक्त मोठ्या रक्तस्रावापुरती मुभा दिली, पण रुग्णालयांत नियम पाळले जात नव्हते. गेल्या वर्षी एफडीएने इशारा आणखी कडक केला आणि आता मे महिन्यात युरोपियन कमिशनने ही द्रावणं निलंबित केली. दहा वर्षांपूर्वी इथे लिहायला लागले ती खाजेपासून, आणि त्या खाजेमुळेच मी माझ्या थिएटरमधली बाटली बदलली. ताणाबाणा, इथे आहात का?

---

ताणाबाणा | ५ जून २०२२

आहे, मॅडम. सिस्टर आता नाहीत, २०१९ मध्ये गेल्या, त्यांच्या मुलीने मला फोन करून कळवलं होतं.

अम्मा ६८ ची झाली. मार्चमध्ये पायऱ्यांवरून पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागलं. आदल्या रात्री भूलतज्ज्ञ तपासायला आले, तरुण मुलगा. त्यांनी नेहमीचं विचारलं, कशाची अ‍ॅलर्जी आहे का. मी बोलायच्या आत अम्माने उशीखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत २०१२ च्या बिलाची झेरॉक्स, घडीवर फाटलेली, त्या तीन ओळींखाली माझ्या मुलीने कंपासमधल्या पेनाने ओढलेली रेघ.

ती म्हणाली, "ही बाटली नको, बाबा. बाकी काय लावायचं ते लाव."

त्याने कागद दिव्याखाली धरून वाचला, अम्मासमोरच केसपेपरवर लाल शाईने लिहिलं आणि मग खुर्ची ओढून बसला. "किती दिवस खाज होती, आजी?" त्याने विचारलं. अम्मा त्याला सांगत बसली, सगळं, एप्रिलपासून.